कोनाड्यातले सात रुपये

तासगावच्या मामींच्या कोनाड्यातले सात रुपये अखेर बघायला मिळाले. पत्र्याचा डबा, डब्यात खणाचं कापड, कापडात बंदे रुपये. मामींच्या लग्नात त्यांच्या आजीनं ओटीत घातलेले. एक राणीछाप, दोन सातव्या एडवर्डचे, चार पंचम जॉर्जचे. कापड उलगडताच मामी म्हणाल्या, "काळं पडल्यात गं सगळं. थांब, चिंच लावून घासून देते की." मी डब्यावर हातच ठेवला.

खिडकीपाशी नेऊन एकेक रुपया उजेडात तिरका केला. सपाट धरला तर नुसता करडा दिसतो. थोडा कलता केला की रंग उठतात. राणीछाप पांढुरकाच. जॉर्जच्या तिघांचं टोनिंग, म्हणजे चांदीवर काळानं चढलेला रंग, साधं, तपकिरी. पण 1907 सालचा एडवर्डचा रुपया बघून मी गप्पच झाले.

हा रुपया डब्यात दुसऱ्या एका रुपयाखाली अर्धा झाकला गेला होता, कितीतरी वर्षं. झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राहिलाय. कोरीच्या कडेला पेंढ्यासारखा फिका पिवळा, त्यापुढे तांबूस, मग जांभळा, आणि उघड्या काठाला गर्द निळा. चार पट्टे, एकातून दुसरा उमलावा तसे, मध्ये कुठेही तुटलेले नाहीत. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या आडोशाला रंग एक पायरी मागे आहे. 'रुपी' हा शब्द जांभळ्या पट्ट्यात येतो, पण अक्षरांच्या बुडाशी अजून तांबूसच.

नवीन मंडळींसाठी हे थोडं सविस्तर सांगते, कारण खरं-खोटं ओळखायची किल्ली इथेच आहे. हवेतला गंधक चांदीला लागला की सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो. थराच्या वरच्या बाजूनं परतणारा उजेड आणि खालच्या चांदीवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग मरतात, उरलेला आपल्याला दिसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर इंद्रधनुष्य दिसतं, ते याच न्यायानं. म्हणजे रंग थराच्या जाडीचा असतो, आणि जाडी वाढत जाईल तसा तो ठरलेल्या क्रमानं बदलतो. आधी पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा. त्यानंतर फिका आकाशी, पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी, आणि हिरवा त्याच्याही नंतर. सगळ्यात शेवटी काळा. म्हणून पांढऱ्या नाण्यावर मधेच हिरवा डाग आणि त्याच्या भोवती पिवळा-तांबूस काहीच नाही, असं दिसलं तर मी नाणं खाली ठेवते. क्रम गाळून निसर्ग पुढे जात नाही.

आता प्रश्न असा की तासगावच्या एका घरात हे रंग एवढे कसे खुलले? उत्तर त्याच खोलीत होतं. मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी येऊ नये म्हणून गंधकाची धुरळणी चालते, आणि गंधकाची पोती वर्षानुवर्षं त्याच कोनाड्याखाली रचलेली असतात. खोलीत शिरलं की नाकाला कळतं. मूलद्रव्य गंधकाची नुसती वाफही चांदीला पुरते. आपल्या सांगली जिल्ह्यात द्राक्षाच्या किती घरांत अशी खोली आणि असा डबा असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी एक प्रयोग केला, त्याची ही नोंद.

प्रयोगाला वापरला तो रुपया आधी बिघडलेला होता, हे सांगायला हवं. सांगलीत एका सराफाकडे 1918 चा जॉर्जचा रुपया फक्त वजनाला दिला होता. असा रुपया मुळात एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि शंभरात 91.7 भाग चांदीचा. झिजून किती राहिलाय एवढंच मला हवं होतं. आत नेऊन कारागिरानं तो ब्रशवर धरला आणि लखलखीत करून परत दिला, वर पैसेही घेतले नाहीत. त्यांनी चांगुलपणानंच केलं. पण त्या रुपयावर काठाला सोनेरी आणि मधे फिकी जांभळी झाक होती, मी आठ महिने जपलेली. ती दोन मिनिटांत गेली. मला दुकानातच रडू आलं. तेव्हापासून नाणं हातातून सोडायच्या आधी "पुसू नका, धुऊ नका" हे मी दोनदा सांगते.

तोच रुपया नोव्हेंबरात मामींच्या कोनाड्यात ठेवला. दुसरा एक झिजका 1918 घरी कपाटात, जुन्या खाकी पाकिटात. तिसरा हवाबंद कॅप्सुलमध्ये, सिलिका जेलसोबत.

डिसेंबर: कोनाड्यातल्यावर काठाला पेंढ्याचा रंग. बाकी दोन जसेच्या तसे.

फेब्रुवारी: कोनाड्यातला तांबूस, काठावर जांभळा. पाकिटातल्यावर एका बाजूला पिवळसर झाक आहे असं वाटतंय; फोटोत येत नाही.

मार्च अखेर: कोनाड्यातला काठाला निळा, पण मजा नाही. ब्रशचे बारीक ओरखडे रंगाखालून रेघांसारखे उठून दिसतात, आणि मूळची टाकसाळीतली चमक नसल्यामुळे रंग मेलेला, शाई सांडल्यासारखा. कॅप्सुलमधला अजून पांढरा.

म्हणजे चार-पाच महिन्यांत निळ्यापर्यंत मजल गेली. याचा मला आनंद कमी आणि काळजी जास्त वाटली. मामींच्या एडवर्डचा रंग मी नैसर्गिक मानते, कारण रंगासाठी तो तिथे कुणी ठेवला नव्हता. माझा 1918 त्याच खोलीत, त्याच गंधकानं रंगला, तरी तो मुद्दाम रंगवलेलाच. त्याच्या पाकिटावर मी तसं शाईनं लिहून ठेवलंय, आणि तो विकणार नाही. पण उद्या कुणी चांगल्या चमकेचा रुपया घेऊन हेच केलं, तर रंगांचा क्रम बरोबर येईल, अक्षरांचा आडोसाही बरोबर येईल. तेव्हा भिंगाला काय कळणार? त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय: नुसत्या रंगासाठी जादा पैसे द्यायचे नाहीत. नाणं कुणाच्या घरात होतं, कशात गुंडाळलेलं होतं, शेजारी काय होतं, हे विकणाऱ्याला सांगता आलं तरच. मामींच्या सातही रुपयांची अशी नोंद मी करून घेतली, मामी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले.

बाकी जमा किरकोळ. 1957 चा एक नया पैसा मिळाला, कांस्याचा, त्यावर वांग्याच्या सालीसारखा जांभळा. आवडला. 1940 नंतरचे अर्ध्या चांदीचे दोन रुपये मिळाले; त्यांत तांबं चाळीस टक्के, त्यामुळे रंग गढूळ येतो. ते घेणं आता थांबवते. एका जुन्या अल्बममधून काढलेल्या पावलीवर हिरवा चिकट थर होता. तो टोनिंग नव्हे, मऊ प्लॅस्टिकच्या खिशाची करणी. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढला, चोळलं अजिबात नाही. खालची सोनेरी झाक शाबूत आहे, कारण अॅसिटोन सल्फाइडला हात लावत नाही.

जॉर्जच्या चारांपैकी एकावर आडवा काळा पट्टा आहे. मामींनी मध्यंतरी कापडाला रबर बँड लावला होता. रबरातही गंधक असतो. बँड काढून टाकला, सुती दोरा बांधलाय.

आता दिवाळीचं. लक्ष्मीपूजनाला मामी हेच रुपये ताटात मांडतात, हळदकुंकू वाहतात, दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून ठेवतात. एवढी वर्षं रंग कसा टिकला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "वरचा एकच काढतो की पूजेला. बाकीचं कोण सोडत बसतंय." वरचा म्हणजे राणीछाप. आता तो पांढुरका का आहे हे कळलं. यंदाही पूजेला राणीछापच निघेल, असं मामींनी कबूल केलंय. आणि छाटणीच्या आधी, गंधकाची नवी पोती यायच्या आत, डबा माजघरातल्या कपाटात हलवायचा. एडवर्डची चंद्रकोर आहे तशी राहायला हवी. मामा म्हणाले, पोती तिकडं गोठ्याच्या खोलीत टाकतो, डबा आहे तिथंच राहू दे. दोन्ही करूया म्हटलं.