ताटांच्या वाटेनं: किलमॅकडुआ आणि ईगल्स रॉक

पश्चिम आयर्लंडमधल्या संत कोलमनच्या दंतकथेतल्या या दोन जागा आम्ही उलट्या क्रमानं पाहिल्या. आधी किलमॅकडुआ, मग ईगल्स रॉक. तुम्ही मात्र कथेच्या क्रमानं जा.

कथा सुरू होते बरेन नावाच्या चुनखडकाच्या भागात, ईगल्स रॉकच्या कड्याखाली. सातव्या शतकातला संत कोलमन इथे एका सेवकासह राहायचा. सोबतीला कोंबडा, उंदीर आणि माशी. कोंबडा प्रार्थनेच्या वेळी आरवायचा, उंदीर कान कुरतडून डुलकी मोडायचा आणि माशी पोथीच्या ओळीवर खूण म्हणून बसून राहायची.

ईस्टरला उपास सुटला, पण सेवकाला खायला काही नव्हतं. तिकडे किनव्हारा गावाजवळ गुअरे राजाच्या पंगतीतली भरली ताटं उठली आणि हवेतून इकडे आली! राजाचे स्वार मागे धावले, तर घोड्यांचे खूर खडकालाच चिकटले. कोलमननं प्रार्थना केली तेव्हा सुटले. खडकावरच्या त्या खुणांच्या वाटेला आयरिशमध्ये ‘बोहर ना मीअस’ म्हणतात, म्हणजे ताटांची वाट. सेवकानं मात्र उपाशी पोटी इतकं खाल्लं की तो तिथेच गेला. दीर्घ उपास पेजेवर सोडावा, हे आजीचं सांगणं मला त्याच्या थडग्यापाशी आठवलं. जवळच पडकं चर्च, गुहा आणि विहीर आहे. हेझलच्या झाडीतली ही जागा मला सगळ्यात आवडली.

राजानं मग जमीन दिली. कोलमनचा कमरपट्टा गळून पडला तिथे मठ उभा राहिला, तेच किलमॅकडुआ. आज तिथे बिनछपराचं कॅथेड्रल आहे आणि सुमारे ३४ मीटर उंचीचा गोल मनोरा. तो अर्ध्या मीटरहून जास्त कललाय. त्याचं दार जमिनीपासून ७ मीटरवर आहे. या धर्मप्रांतात वीज पडून माणूस वा जनावर मरणार नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे. आम्ही होतो तेव्हा आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे ती ऐकायला फार बरी वाटली.

गाडी हवीच. नसेल तर रेल्वेनं गॉर्टला उतरून टॅक्सी करा आणि परतीचं आधीच ठरवून ठेवा. बरेनचा चुनखडक पावसानंतर निसरडा होतो, त्यातल्या भेगांत पाय सहज मुरगळतो. घोट्यापर्यंतचे बूट घाला, पाणी आणि खाऊ जवळ ठेवा. किलमॅकडुआला नवी थडगीही आहेत, तेव्हा फोटोसाठी त्यांवर चढू नका, आणि कुणी फुलं ठेवायला आलं असेल तर थोडं लांबच थांबा.