स्क्रू हाड जुळवत नाहीत

ऑपरेशनला आज ११ आठवडे झाले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. ६ वर्षं व्यायाम, पट्टा, इंजेक्शनं, सगळं करून झालं. शेवटी १० मिनिटं उभं राहिलं तरी डावा पाय पोटरीपर्यंत बधिर व्हायला लागला, तेव्हा मी हो म्हटलं.

४ स्क्रू आणि २ सळ्या बसवल्या की मणके जुळले, असं मला वाटायचं. तसं नसतं. स्क्रू फक्त मणक्यांना हलू देत नाहीत. दोन मणक्यांमधली चकती काढून तिथे छोटा पिंजरा बसवतात, हाडाचा चुरा भरतात. त्यातून नवं हाड धरायला ६ महिने ते वर्ष लागतं. सिगारेटमुळे ते रखडतं, म्हणून सर्जननी आधी माझी सिगारेट सोडवली. ते फार जड गेलं, पण त्यांचं बरोबर होतं.

पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली. कंबर अजून दुखते, सकाळी जास्त. वाकायचं नाही, पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम वळवायची.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, उचल ना." मी खुर्चीत बसलो. ती आपली आपण चढून मांडीवर आली.