एकेक इन्सर्ट का नको

आज नागपुरातल्या मिहानच्या ऑफिसात दिवसभर संत्र्यांच्या आवकेच्या जुन्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरत होतो. टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "दादा, लूपमध्ये इन्सर्ट चालतंय ना, मग बॅच कशाला?" प्रश्न फार आवडला. इन्सर्ट म्हणजे टेबलात ओळ घालण्याची आज्ञा; लूपमध्ये ती एकेका ओळीसाठी वेगळी जाते, बॅचमध्ये अनेक ओळी एकदम.

सर्व्हर मुंबईत आहे. एका फेरीला 20 मिलिसेकंद धरले, तर 10,000 नोंदींचे 200 सेकंद निव्वळ जाण्यायेण्यात जातात. त्यात ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच कायम करणं) चालू असेल तर प्रत्येक ओळीमागे बदलांचा लॉग डिस्कवर पक्का लिहावा लागतो, आणि हा खर्च पटकन लक्षातही येत नाही. तेच हजार-हजार ओळींचे इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गटात) घातले की फेऱ्या उरतात जेमतेम दहा.

पण म्हणून बॅच वाट्टेल तेवढी फुगवू नका. पोस्टग्रेसमध्ये एका स्टेटमेंटला, म्हणजे एका आज्ञेला, 65,535 पॅरामीटरचीच मर्यादा आहे; ओळीतला प्रत्येक कॉलम एक पॅरामीटर खातो. 20 कॉलम असतील तर 3,276 ओळी. शिवाय एक तारीख चुकीची निघाली तरी अख्खं ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. म्हणून आम्ही आधी तात्पुरत्या टेबलात सगळं टेक्स्ट म्हणूनच घेतलं, तिथे तपासलं, मग मुख्य टेबलात हलवलं.

फाइल सरळ असेल तर ती थेट टेबलात ओतणारी कॉपी कमांड याहूनही वेगवान. उद्या ती कमांड त्या नव्या मुलीकडून लिहून घेणार आहे.