गाणं पाठ, बाई कोण ते माहीत नाही

आई कपड्यांच्या घड्या घालताना 'अँखियाँ मिला के जिया भरमा के' गुणगुणत असते, लहानपणापासून ऐकतोय. मागच्या आठवड्यात सहज विचारलं, पडद्यावर कोण आहे गं यात? म्हणाली, जोहराबाईच की. आता जोहराबाई अंबालेवाली गायल्यात, पडद्यावर त्या नाहीत, एवढं मला माहीत होतं पण मग कोण हे मलाही सांगता येईना. जुन्या गाण्यांवर तासन् तास बोलणारा माणूस मी, लाजच वाटली जरा.

तर ती स्वर्णलता. जन्म 1924 चा, रावळपिंडीचा, शीख घरातला. 1942 च्या सुमारास सिनेमात आली आणि 1944 ला 'रतन' लागला, आईचं गाणं त्यातलंच. गौरी आणि गोविंद लहानपणापासूनचे जीव लावलेले, पण जात वेगळी, म्हणून गौरीला एका पोक्त माणसाच्या गळ्यात बांधतात, पुढे जे व्हायचं तेच होतं. गोविंद म्हणजे करण दिवाण. कथा तेव्हाही फार नवी नसणार, पण संगीतकार नौशादच्या गाण्यांनी देश वेडा केला. नौशाद स्वतः सांगायचे की पिक्चर 75 हजारात झाला आणि नुसत्या गाण्यांच्या रॉयल्टीने लाखो रुपये आले. त्यांच्या लग्नाचा किस्सा तर प्रसिद्धच आहे, सासरकडच्यांना सांगितलेलं मुलगा मुंबईत शिंपी आहे (सिनेमात आहे म्हटलं तर मुलगी कोण देणार) आणि वरातीत बँडवाले वाजवत होते रतनची गाणी!

या सगळ्यात गौरीचं काम करणारी मुलगी कुठे गेली? माझं मत सांगतो. तो काळ गाणाऱ्या नट्यांचा होता. नूरजहाँ, सुरैया, खुर्शीद, यांचा आवाज रेडिओवर लागला की चेहरा आपोआप डोळ्यासमोर यायचा. स्वर्णलता गाणारी नव्हती. प्लेबॅक रुळत होता, त्यात तिचं गाणं जोहराबाईंचं झालं, नौशादचं झालं, तिचं झालंच नाही.

मग नजीर. हा लाहोरचा, नट आणि दिग्दर्शक, मुंबईत स्वतःची कंपनी काढलेला. मुघल-ए-आझम दिग्दर्शित करणाऱ्या के. आसिफचा मामा. भाच्याला त्याने आधी शिंप्याचं दुकान काढून दिलं होतं म्हणे, म्हणजे या गोष्टीत एक खोटा शिंपी (नौशाद) आणि एक खरा शिंपी (आसिफ), दोघेही शेवटी मुघल-ए-आझममध्येच पोचले, एक संगीताला, एक दिग्दर्शनाला. असो. 1945 च्या 'लैला मजनू'मध्ये नजीर मजनू, स्वर्णलता लैला. पुढे लग्न झालं, तिने इस्लाम स्वीकारला, सईदा बानो झाली, पण पडद्यावरचं नाव स्वर्णलताच ठेवलं. आणि 1947 नंतर पाकिस्तानातही तेच ठेवलं, हे मला फार भारी वाटतं.

फाळणी झाली तेव्हा नजीर-स्वर्णलता लाहोरला गेले. मुंबईत चाललेलं करिअर सोडून, आणि गेले कुठे तर जिथे इंडस्ट्री जवळजवळ उरलीच नव्हती. पांचोली, शोरी असे मोठे स्टुडिओवाले भारतात निघून गेलेले. पाकिस्तानचा पहिला पिक्चर 'तेरी याद' ऑगस्ट 1948 ला लागला, हिरो दिलीपकुमारचा भाऊ नासिर खान, आणि तो पडला. नजीर-स्वर्णलताचा पहिला प्रयत्न 'सच्चाई' पण पडला. तो उर्दू होता.

आणि मग 1949 ला त्यांनी काय केलं, पंजाबीत पिक्चर काढला, 'फेरे'. पाकिस्तानातला पहिला पंजाबी चित्रपट. लाहोरच्या रस्त्यावर लोक बोलतात पंजाबी, पण नव्या देशाची मानाची भाषा उर्दू, सिनेमाही उर्दूतच हवा असं एकंदर वातावरण, आणि चालला कोण तर हा. सिल्व्हर ज्युबिली, म्हणजे 25 आठवडे. संगीत बाबा चिश्तींचं, त्यांनी सहा गाणी एका दिवसात उरकली असं सांगतात. 'मैनूं रब दी सौं' हे इनायत हुसेन भट्टी आणि मुनव्वर सुलतानाचं गाणं तिकडे अजून लोकांच्या तोंडात आहे. बघा, परत तेच. रतनसारखंच इथेही गाणं राहिलं ते गाणाऱ्यांच्या नावावर.

पुढचं थोडक्यात सांगतो. 'लारे', 'शहरी बाबू', आणि 1955 ला नजीरने केलेल्या 'हीर'मध्ये ती हीर, रांझा म्हणजे तोच इनायत हुसेन भट्टी. तिशी ओलांडलेली हीर! आज ट्रोल केलं असतं. त्याच वर्षी उर्दूत 'नौकर', त्यातली कौसर परवीनची अंगाई 'राज दुलारे' तिकडच्या कितीतरी पोरांना झोपवून गेली असेल. तिकडे तिची ओळख रडवणारी नटी अशीच होती, आणि उर्दू-पंजाबी दोन्हीत सारख्याच हक्काने वावरली. नंतर आईच्या भूमिका, मग हळूहळू बंदच. नजीर 1983 ला गेले, ती फेब्रुवारी 2008 मध्ये, लाहोरला. आपल्याकडे त्याची बातमी वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

काल यूट्यूबवर 'अँखियाँ मिला के' लावून फोन आईच्या हातात दिला. व्हिडिओच्या नावात जोहराबाई आहेत, नौशाद आहेत, रतन आहे, साल आहे. तिचं नाव नाही. प्रिंट इतकी झिजलेली की सगळीकडे पांढऱ्या रेघा, पण मोठे डोळे कळतात. म्हटलं आई, ही बघ, ही स्वर्णलता, जोहराबाई नव्हे, नीट बघून घे.

आईने हो हो म्हटलं, फोन मांडीवर पालथा ठेवला, डोळे मिटले आणि मान डोलवायला लागली.