फणसाकडून आत

कुरियरवाला पोरगा फोनवर विचारतो, "आजी, लँडमार्क काय?" आणि आमच्या काकूची पंचाईत होते. फणस होता तोवर सोपं होतं. "फणसाकडनं आत वळ" म्हटलं की अख्खी रत्नागिरी दारात यायची.

तसं इथे नुसती नावं ऐकली तरी गाव कसं वाढलं ते कळतं. खालच्या जुन्या वस्तीत आळ्या. राम आळी, टिळक आळी. १८५६ साली लोकमान्य जन्मले ते कौलारू घर अजून तिथे आहे. मग नाके: माळनाका, जेलनाका. मग साळवी स्टॉप, गोडबोले स्टॉप. माणसाचं आडनाव मागे राहिलं ते एसटीच्या तिकिटावर. पुढे नगरं आली आणि आता हाइट्स. गाडीतळावर आज बैलगाडी सोडा, स्कूटर लावायला जागा मिळाली तर नशीब.

वर सड्यावर पूर्वी कोण राहायला जाणार? सगळा कातळ आणि वारा. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि पुढे १९१०च्या सुमारास राजवाडा बांधून दिला तो असाच उंचावर, भाट्याची खाडी दिसेल असा. राजा १९१६ मध्ये गेला. आपल्या नावाच्या रस्त्यावर फ्लॅटचा भाव चढेल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि शहर स्टेशनाकडच्या कुवारबावकडे सरकलं, ते अजून सरकतंच आहे.

आमचं घरही बिल्डरला दिलं. मीच सही केली, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? पाडताना कौलं फुटली, वासे वखारीत गेले, पण जांभ्या दगडाचे चिरे शाबूत निघाले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. आमच्या चिऱ्यांना तर तीन पिढ्यांचा वारा लागलेला. गवंड्याने तेच बिल्डिंगच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, वापरले. काही उलटे बसलेत. माजघराची निळसर चुन्याची बाजू रस्त्याकडे आलीय, एकावर खुंटीचं भोकही आहे. काकू सुपारीची पिशवी टांगायची ती खुंटी.

परवा पुन्हा फोन आला. काकू म्हणाली, "निळ्या चिऱ्यांचा गडगा दिसला की थांब हो बाळा. वर येऊ नको, लिफ्ट बंद आहे. मीच पिशवी सोडते."