सासष्टीची मतं खरंच इगर्जीत (चर्चमध्ये) ठरतात का?

"पाद्री सांगतात आणि सासष्टी मतं टाकते," हे गोव्यात फोंड्याला आपल्या हिंदू घराघरांतून ऐकू येतं. सासष्टी म्हणजे मडगावचा, कॅथलिकांची मोठी वस्ती असलेला तालुका. अमेरिकेत राहून, मडगावच्या एका कॅथलिक मैत्रिणीच्या शेजारी निवडणूक पाहिल्यावर मला हे बोलणं फार अन्यायाचं वाटतं.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावरच्या 1967 च्या जनमत कौलापासून हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. विलीनीकरणाच्या 'फुला'ला 1,38,170 मतं, वेगळं राहण्याच्या 'दोन पानां'ना 1,72,191. पण कॅथलिक गोव्यात निम्म्यालाही नव्हते. आपल्यातल्या कितीतरी हिंदूंनी पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा आकडा होतच नाही.

मैत्रीण आता इथली, अमेरिकेची, नागरिक आहे. तिच्या चर्चने कुणाचंही नाव घेतलं नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या मतदार-पुस्तिकेत गर्भपाताला विरोध हा सर्वांत वरचा मुद्दा आहे. पण स्थलांतरित, गरिबी, वंशद्वेष, देहदंड हेही त्यात आहेत. हे सगळं ज्याच्यात सापडेल असा पक्षच नाही! गर्भपाताला विरोध करणारा उमेदवार स्थलांतरितांना हाकलायला निघालेला, आणि त्यांना जवळ करणारा गर्भपाताच्या हक्काचा कैवारी. शिकवण सांगते, गर्भपाताला बळ मिळावं म्हणूनच या दुसऱ्या उमेदवाराला मत देणं हे पाप. पण त्याचं ते धोरण नाकारून, तितक्याच गंभीर दुसऱ्या कारणासाठी मत देता येतं. ते कारण तेवढं गंभीर आहे की नाही, हे ज्याचं त्याने देवासमोर ठरवायचं. सप्टेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनाही हेच विचारलं गेलं. मत द्याच, राष्ट्राध्यक्षपदाच्या दोघा उमेदवारांत कमी वाईट कोण ते आपल्या सदसद्विवेकाने ठरवा, असं ते म्हणाले. नाव त्यांनीही घेतलं नाही.

मतदान हे नैतिक कर्तव्य आहे, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच लिहिलंय. पाद्रींनी मात्र पक्षकार्यात पडू नये, असा चर्चचा कायदा आहे. गोव्यातही इगर्जीची पत्रकं निघतात, आणि सर्वधर्मसमभाव, स्वच्छ कारभार, पर्यावरण यांवर ती बोलतात. खाणी आणि भूरूपांतराने होरपळलेल्या कुठल्याही गोंयकाराने त्यांत वावगं काय शोधावं?

मैत्रीण कितीतरी रात्री त्या पुस्तिकेपाशी बसत होती. शेवटी तिने राष्ट्राध्यक्षपदासाठी एका पक्षाला मत दिलं, सिनेटसाठी दुसऱ्या. तिच्या नवऱ्याने नेमकं उलट केलं. रविवारी दोघंही एकाच बाकावर मिस्साला बसले.