उठायची वेळ नसलेली बैठक

समाजमाध्यमांवर वेळ घालवावा की घालवू नये, हा विषय शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांनी इतका झिजवला आहे की त्यावर लिहायला घेताना थोडा संकोच वाटतो. चार फायदे, चार तोटे आणि शेवटी ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ म्हटले की परीक्षकही खूश आणि वक्ताही मोकळा. मला मात्र त्या माध्यमांवर काय दिसते यापेक्षा तिथून उठता येते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्याचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. वीज कुठे गेली, नळाला पाणी कधी येणार, ग्रामसभा कोणत्या रविवारी आहे, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली आणि अंत्यविधी किती वाजता, हे सगळे तिथे कळते. पूर्वी निधनाची बातमी घेऊन कोणीतरी घरोघर जात असे आणि दूरच्या आप्तांना ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळत असे. आता मुंबईचा भाचा वेळेवर निघून अंत्यविधीला पोहोचतो, ही काही लहान सोय नव्हे.

चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर हा ग्रुप फार देखणा होतो. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीसाठी, रानातून कोणी काय आणले, त्याची छायाचित्रे येऊ लागतात: कांगलां, करमलां, नागलकुडे, आंबाडे, सुपारीचे घोस, तोरिंग. नव्या पिढीतल्या मुलांना यांतली निम्मी नावे माहीत नसतात. गेल्या चवथीला एका मुलाने लालकेशरी फळांच्या घोसाचे छायाचित्र टाकून हे काय म्हणून विचारले. तीन जणांनी तीन नावे सांगितली, एकाने इंटरनेटवर शोधून चौथेच सांगितले, आणि मग शेजारच्या आजीचा ध्वनिसंदेश आला. पाठीमागे नारळ किसल्याचा आवाज, मध्येच नातीला हाक, आणि ठाम निकाल, ‘तीं कांगलां मरे!’ त्यापुढे ती कोणत्या डोंगरावर मिळतात आणि आता का मिळत नाहीत, याचे निरूपण. आजींना लिहिता येत असले तरी मोबाईलवर टंकता येत नाही. बोलून पाठवण्याची सोय नसती, तर हे ज्ञान त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर पडले नसते. आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानेही तो संदेश ऐकला आणि खाली नुसते हात जोडले. समाजमाध्यमांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही, ते अशा गोष्टींमुळे.

सार्वजनिक कामातही या माध्यमांनी हात दिला आहे. 2020 साली मोले परिसरातल्या अभयारण्यातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी नेण्याच्या प्रकल्पांना विरोध सुरू झाला, तेव्हा टाळेबंदीमुळे लोकांना एकत्र जमणे कठीण होते. विद्यार्थ्यांनी, चित्रकारांनी, वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासकांनी तेव्हा आपली चित्रे आणि माहिती समाजमाध्यमांवरून घरोघर पोहोचवली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदोर येथे रेल्वेमार्गापाशी मोठा जमाव जमला. दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. न्यायालयातली लढाई कागदपत्रांवर लढली जाते, लाइकवर नाही, हे खरे. पण मोले कुठे आहे आणि तिथे काय आहे, हे पणजीच्या सदनिकेत राहणाऱ्या माणसाला मोबाईलनेच सांगितले.

मग तक्रार कशाबद्दल? गप्पांत वेळ गेल्याबद्दल नक्कीच नाही, कारण गप्पांत वेळ घालवणे हा गोवेकराचा जुना धर्म आहे. संध्याकाळी घरापुढच्या सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, राजकारणापासून मासळीच्या भावापर्यंत कशावरही बोलणाऱ्या माणसांना कोणी रिकामटेकडे म्हटले नाही, निदान तोंडावर तरी. तिथेही अफवा होत्या, चहाड्या होत्या, एखाद्याच्या नव्या गाडीबद्दलची जळजळ होती. पण त्या बैठकीला उठायची वेळ होती. दिवेलागण होई, डास चावू लागत, आतून जेवायची हाक येई, आणि सर्वांत बोलका माणूसही ‘येतो मग’ म्हणून पायात चपला सरकवी. एक उठला की बाकीचेही उठत.

मोबाईलमधल्या बैठकीत ही उठायची वेळच काढून टाकली आहे, आणि ती कोणाच्या विसराळूपणामुळे गेलेली नाही. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपले की ‘पुढील पान’ असे बटण दाबावे लागे. तेवढ्या क्षणात ‘पुरे आता’ असा विचार मनात येण्याला जागा होती. 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने पान न संपता खाली सरकतच राहील अशी सोय तयार केली. हेतू वाचकाचा त्रास वाचवण्याचा होता. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. या माध्यमांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते, आणि आपण जितका वेळ बसू तितक्या जाहिराती दाखवता येतात, तेव्हा आपल्याला उठवण्यात तिथे कोणालाच स्वारस्य नाही. 2020 च्या जूनमध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच, जुलैमध्ये, इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले. आता तर पुढे काय पाहायचे हेही आपण ठरवत नाही. दहा रील्स रटाळ निघतात, अकरावे हसवते, आणि त्या अकराव्याच्या आशेवर पुढची दहा पाहिली जातात. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला ही आशा चांगली ठाऊक असते.

या न संपणाऱ्या पाहण्याचा उपद्रव पाहणाऱ्यापुरता राहत नाही. पर्रा गावातला माडांच्या रांगांमधला रस्ता छायाचित्रांमुळे इतका प्रसिद्ध झाला की 2019 साली तिथल्या पंचायतीने छायाचित्रे काढणाऱ्यांवर स्वच्छता कर लावून पाहिला. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत तर माणसे आपल्या घराच्या खिडकीत उभी राहिली, तरी कोणाच्या तरी रीलमध्ये जातात. अफवांचे तर विचारूच नका. 2018 साली मुले पळवणाऱ्यांच्या खोट्या संदेशांवरून देशात ठिकठिकाणी माणसे मारली गेली, तेव्हा व्हॉट्सॲपला एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घालावी लागली. सोप्यावरची अफवा निदान सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून तोलता येत असे.

ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना या माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा डिसेंबर 2025 पासून अमलात आणला आहे. मुलांसाठी कायदा असावा, याला माझी हरकत नाही. पण आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला ‘मधुमेहावर रामबाण’ पाठवणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत, त्यांच्यासाठी कोणते सरकार कायदा करणार?

त्याच ग्रुपवर एक निवृत्त मास्तर आहेत. रात्री दहा वाजले की चर्चा कितीही रंगात आलेली असो, ते ‘येतो मग’ एवढेच लिहितात आणि मोबाईल बंद करतात. सुरुवातीला त्यांची थट्टा झाली. अलीकडे त्यांच्यामागोमाग आणखी दोघे-तिघे तसेच लिहू लागले आहेत. मात्र त्यांना शुभरात्रीची चंद्र-चांदण्यांची चित्रे पाठवण्यात उरलेल्यांचा पुढचा अर्धा तास जातो.